पंगतीतलं नाटक : अंबाजोगाई ते वेरूळ, एका रात्रीचा प्रयोग

२८ डिसेंबर

वेरूळ रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यांचा फोन. २५ जानेवारीच्या रात्री त्यांना जेवणाबरोबर नाटक हवंय. माणसं साधारण ८०. निम्मा शहरातल्या डॉक्टरांचा गट, निम्मे लेणी बघायला आलेले पुण्या-मुंबईचे. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी, म्हणून सगळ्या खोल्या आत्ताच भरल्यात म्हणे. तिकीट एकच, त्यात ताटही आणि नाटकही.

त्यांच्या डोक्यात ‘मर्डर मिस्ट्री’ होती. एक माणूस सुपाच्या वेळी मरतो आणि आइस्क्रीमपर्यंत खुनी सापडतो, असं काहीतरी त्यांनी बाहेरदेशी बघितलंय. खून नको म्हणून सांगितलं. मेलेल्या माणसाशेजारी बसून आमच्याकडं कुणी जेवत नाही. तेराव्याला जेवतात, ते वेगळं.

आमचं लग्नाचं नाटक सुचवलं. आहेराच्या पाकिटांची पिशवी मांडवातून गायब होते आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांवर घसरतात. चोरी आहे, संशय आहे, आणि जेवण तर लग्नात असतंच. प्रेक्षकांनाच वऱ्हाडी करायचं: डावीकडची टेबलं मुलीकडची, उजवीकडची मुलाकडची. त्यांना पटलं.

२९ डिसेंबर

बैठक. सगळ्यांचा पहिला प्रश्न मानधनाचा, दुसरा परत कधी यायचं हा. जावई करणारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. २६ ला सकाळी साडेसातला झेंडावंदन, त्याला गैरहजर राहून चालत नाही. आजी करणाऱ्या काकूंच्या नातीचं त्याच सकाळी शाळेत नाच. म्हणजे मुक्काम नाही. दुपारी निघायचं, रात्री प्रयोग, पहाटे घरी. सगळं मिळून ५०० किलोमीटरच्या आसपास. रिसॉर्टवाले खोल्या द्यायला तयार आहेत, पण खोलीत झोपणार कोण?

संहितेचं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर लागते. आपली मंजूर आहे. त्यामुळं कापायचं तेवढं कापा, नवा प्रवेश लिहू नका. शेवटी प्रेक्षकांना ‘चोर कोण’ विचारण्याची जागा मूळ नाटकातच आहे, तेवढी आपल्याला पुरते.

४ जानेवारी

कापाकापी. दोन अंकी नाटक पावणेदोन तासांचं. त्यातला बोलण्याचा वेळ तासाभरावर आणायचाय, बाकी वेळ जेवणाचा.

अमेरिकेत पहिलं डिनर थिएटर म्हणून व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर टॅव्हर्नचं नाव घेतात, साल १९५३. गावाबाहेरच्या जुन्या खानावळीत नाटक, आणि आलेल्यांना जेवू घालणं ओघानंच आलं. तिकडच्या बऱ्याच ठिकाणी आधी जेवण उरकतात, मग पडदा उघडतो, मध्यंतरात गोड. खरं तर ती पद्धत नटाच्या फायद्याची. आपल्याला मात्र घास आणि संवाद एकत्र चालवायचेत, ते अवघड आहे.

विचार करताना एकनाथ महाराजांची भारुडं आठवत होती. समोर माणसं येतायत, जातायत, पोरं रडतायत, कुणी मधेच उठून पाणी प्यायला चाललंय, हे धरूनच ती बांधलेली असतात. कुठूनही ऐकायला लागा, दोन कडव्यांत पात्र कोण आणि त्याची तक्रार काय ते कळतं. आमच्या संहितेत तसं नाही. पहिल्या प्रवेशात मामा पिशवी कुणाच्या हातात देतो हे ज्याच्या कानावरून गेलं, त्याला पुढचं काहीच लागत नाही. म्हणून ठरवलं: कामाची प्रत्येक गोष्ट तीन वेळा, तीन तोंडांतून यायला पाहिजे. पिशवी लाल आहे हे मामा सांगेल, व्याही त्याच्यावर चिडताना सांगेल आणि आजी उगाच सांगेल. नवा प्रवेश नाही, असलेलीच वाक्यं इकडून तिकडं फिरवली.

जावयाचं रुसण्यावरचं लांब स्वगत काढलं. सर नाराज. ते स्पर्धेत त्याच्यावरच गाजले होते.

१२ जानेवारी

तालीम एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात, खऱ्या जेवणासकट. काकूंनी येसर आमटी केली, भाकऱ्या विकत आणल्या. कॉलनीतली वीसेक माणसं बोलावून जेवायला बसवली. अटी दोन: फुकट जेवायचं, आणि नाटक आवडलं नाही तर गप्पा मारायच्या, लाजायचं नाही.

आजच्या तालमीतून जे कळलं ते पुस्तकात सापडलं नसतं.

पापड वाढला की दोन मिनिटं संवाद नाही. वीस माणसांचे पापड एका वेळी मोडले की आवाज असा होतो की मामा ओरडून बोलला तरी मागच्या टेबलाला काही गेलं नाही. पापड आता मध्यंतरात.

भाकरी आमटीत कुस्करताना माणूस खाली बघतो. तेव्हा डोळ्यांनी बघायचं काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं ठेवायचं. आमची पिशवी लपवण्याची खूण नेमकी तिथंच होती. ती हलवली.

हुरडा हा नाटकाला सगळ्यात सोयीचा पदार्थ. हात गुंतलेले, तोंडाचा आवाज नाही, नजर मोकळी. पहिला प्रवेश हुरड्यावर बसवायचा. जानेवारीत रिसॉर्टवाल्यांना हुरडा मिळायला काही अडचण नाही, आणि पुण्याच्या पाहुण्यांना तेवढीच हौस.

आणि वाढपी. नाटकातला वाढपी हे दोन वाक्यांचं काम, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा करतो. तो बादली घेऊन फिरत होता तर शेजारच्या काका-काकूंनी त्याच्याकडं चटणी मागितली, मग मीठ, मग ‘गरम भाकरी आहे का बघ’. पोरगं खरंच वाढायला लागलं. तो नट आहे हे कुणाच्या ध्यानातच नाही. नाटकात शेवटी पिशवी कुठं गेली ते तोच सांगतो, कारण सगळं त्यानं बघितलेलं असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. आजपर्यंत हे आम्ही नुसतं म्हणत होतो, आज डोळ्यांनी बघितलं. त्याला आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत माणसांतच ठेवायचा. विंगेत जायचंच नाही.

१५ जानेवारी

रिसॉर्टच्या मॅनेजरशी आणि मुख्य आचाऱ्याशी फोनवर तासभर. भांडण म्हणता येणार नाही, पण जवळपास.

त्यांना बुफे पाहिजे. माणसं कमी लागतात, अन्न सुटसुटीत ठेवता येतं. मी म्हटलं, बुफेत निम्मे लोक कायम रांगेत उभे राहणार. व्याही रडायला लागला आणि समोरचा माणूस पनीर संपायच्या आत ताट घेऊन उठला, तर आम्ही काय करावं? पंगत पाहिजे. टेबल-खुर्चीवर बसवा, पण वाढा.

आचारी मूळचे आष्टीकडचे निघाले. पंगत म्हटल्यावर ते आमच्या बाजूला आले. “बुफे काय, कुणीबी लावतंय. पंगत उठवायची म्हणजे नियत लागती,” म्हणाले. मग जेवण त्यांनीच ठरवलं: हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी, मग भरलं वांगं, येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेवटी वरण-भात आणि बुंदी. मॅनेजरनं पनीरची एक भाजी घातलीच. पाहुण्यांत कुणी ना कुणी मागतंच, असं त्यांचं म्हणणं. असू द्या.

दुसरा मुद्दा जागेचा. त्यांना लॉन हवं होतं, झाडांवर दिवे सोडून. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. बंद सभागृहाला ती अडचण नाही. शिवाय जानेवारीच्या थंडीत लॉनवर आमटी पाच मिनिटांत गार होते आणि नटाचे घसे त्याच्याही आधी. हॉल ठरला. तरीपण १० ला पडदा ही अट मी आमच्या बाजूनं ठेवलीच, झेंडावंदनासाठी.

वेळापत्रक आचाऱ्यांबरोबर बसवलं. प्रवेश संपल्याची खूण म्हणून आजी मोठ्यानं म्हणेल, ‘अगं बाई, आमटी आटली का!’ त्यावर स्वयंपाकघराचं दार उघडायचं.

२१ जानेवारी

गाडी मिळत नव्हती. लग्नसराई, त्यात जोडून सुट्टी, सगळ्या ट्रॅव्हलर वऱ्हाडात. शेवटी परळीची एक मिळाली. ड्रायव्हर वयस्कर, रात्रीच्या गाडीला सरावलेले. ‘परत येताना कुणीतरी पुढं बसून माझ्याशी बोलायचं’ एवढीच अट घातली. ते काम मामाकडं. मामा तसाही बोलायचा थांबत नाही.

सामान: शिदोरीची दुरडी, तिच्यावर घालायचा खण, लाल पिशवी (एक जास्तीची), फेटे, कॉलर माईक सहा, सेल दुप्पट, दोन घोंगड्या. नेपथ्य नाही. तिथं हॉलच आमचा मांडव.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा करून सर आले. आज राष्ट्रीय मतदार दिवस, त्यांनी शाळेत शपथ दिली. रात्री चोर कोण याचं मतदान घ्यायचंय, म्हणजे दिवसभर तेच खातं.

साडेअकराला निघालो. केज, मांजरसुंबा, बीड. सोलापूर-धुळे महामार्गाला लागल्यावर गाडी पळाली. पाडळशिंगीच्या टोलला रांग, शहागडला गोदावरीत पाणी बऱ्यापैकी. गाडीतच एकदा नुसत्या शब्दांची तालीम झाली. पाचोडला पैठणची पाटी बघून काकूंनी हात जोडले आणि त्यांचं पुढचं वाक्य हुकलं.

बायपासनं शहर टाळलं, पण दौलताबाद टळत नाही. रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दिल्ली दरवाजातून जातो आणि तिथं एका वेळी एकच मोठी गाडी मावते. सुट्टीची गर्दी, दोन बस समोरासमोर, कुणीच मागं घेईना. आम्ही चाळीस मिनिटं तिथंच. वाढपी पोरगा खाली उतरून वाहतूक सोडवायला लागला, आणि लोक त्याचं ऐकतही होते.

पोचायला सहा वाजले. हॉल लांबट, टेबलं गोल. गोल टेबलाला निम्म्या माणसांची पाठ नटाकडं होते. मॅनेजरला म्हटलं, खुर्च्या तीनच बाजूंना लावा. त्यासाठी दोन टेबलं जास्ती घालावी लागली, घातली. दुरडी बरोबर हॉलच्या मध्यावर, स्टुलावर, खणानं झाकून.

भाकऱ्या करायला जवळच्या गावातल्या दोन मावश्या आल्या होत्या. मागच्या अंगणात तीन चुली, मोठी काठवट. मी विचारलं, ८० माणसांना पुरतील का? “पुरतील की. पण गरमच पायजे म्हणलाव तर दमानं घ्यावं लागंल,” त्यातली मोठी म्हणाली. हे वाक्य मी त्याच वेळी वहीत टिपलं, बरं झालं.

पावणेआठला सुरुवात. तिसऱ्या घंटेऐवजी मामानं पंगतीतली आरोळी दिली, ‘पार्वतीपतेऽऽ’, आणि पूर्ण हॉलनं ‘हर हर महादेव’ म्हटलं. मुंबईच्या टेबलांनीसुद्धा. त्यानंतर जी शांतता झाली तशी थिएटरात घंटा देऊनही होत नाही.

हुरड्यावरचा प्रवेश जसा बसवला तसा गेला. पिशवी लाल आहे हे तीनदा सांगितलेलं सगळ्यांना पोचलं. एका टेबलावरून आजीच्या आधीच ‘लाल, लाल!’ आलं.

दुसऱ्या प्रवेशानंतर काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, आमटी आटली का!’ दार उघडलं. आमटी आली, वांगं आलं, पनीर आलं. भाकरी चारच टेबलांना. मावशीनं सांगितलेलं तेच. बाकीची माणसं आमटीकडं बघत बसलेली. वाढप्यानं माझ्याकडं बघितलं, मी व्याह्यांकडं. व्याही उठले आणि म्हणाले, “मुलाकडच्या बायकांनी अजून एकही नाव घेतलं नाही. नाव घेतल्याशिवाय भाकरी नाही!”

पुढची दहा-बारा मिनिटं आमच्या हातात काहीच नव्हतं आणि सगळंच होतं. नव्या जमान्यात उखाणे कोण घेणार म्हणून आम्ही ती जागा तालमीतच जवळजवळ सोडून दिली होती. इथं डॉक्टरीणबाईंची रांग लागली. एक जण म्हणाल्या,

“येसरच्या आमटीला लसणाची फोडणी,
डॉक्टरसाहेबांचं नाव घेते, भाकरी आणा थोडी!”

टाळ्या. तेवढ्यात खरोखर भाकऱ्यांची दुसरी थप्पी आली आणि सगळ्यांना वाटलं हे बसवलेलंच आहे. मुलीकडच्या टेबलांनी मग उलट उखाणे घेतले. पुण्याच्या एका आजोबांनी आजीचं नाव घेतलं, आजी लाजून पदर सावरत बसल्या. आजी म्हणजे त्यांच्या, आमच्या काकू नव्हेत.

मग मुलाकडच्या एका टेबलावरचे गृहस्थ उभे राहिले. मी नवरदेवाचा मामा आहे, मला टॉवेल-टोपी मिळाली नाही, मी जेवणार नाही, असं जाहीर केलं. ते पाहुणे होते, आमच्यातले नव्हते. पण रुसले ते अगदी मुरलेल्या मामासारखे, बायको हात धरून बसवतीय तरी बसेनात. आमचा जावई सर, ज्यांचं रुसण्याचं स्वगत मी कापलं होतं, ते पुढं झाले आणि स्वतःचा फेटा उतरवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग त्या स्वगतातली चार वाक्यं तिथं म्हणून घेतलीच. मंजूर संहितेतलीच आहेत, मला काही बोलता येईना.

मतदान बुंदीच्या वेळी. वाढप्यानं टेबलाटेबलावर जाऊन बोटांवर मतं मोजली. बहुमत व्याह्यांविरुद्ध, त्याखालोखाल मामा. एका लहान मुलीनं वाढप्याकडंच बोट दाखवलं. तिच्या आईनं ‘अगं ते काका वाढायला आहेत’ म्हणून तिचा हात खाली केला. मग तो मधल्या दुरडीपाशी गेला, खण उचलला. वाटेची शिदोरी नवरदेवाच्या घरी पोचेपर्यंत कुणी उघडत नाही, म्हणून आजीनं पिशवी तिच्यात ठेवून दिलेली. दोन तास ऐंशी माणसं तिच्याभोवती जेवत होती. खण उचलल्यावर आधी ‘हात्तिच्या!’ आलं आणि मग हशा. त्या मुलीला वाढप्यानं बुंदीची जास्तीची वाटी दिली. ते संहितेत नाही.

दहाला पाच कमी असताना संपलं.

२६ जानेवारी, पहाट

आम्ही जेवलो सव्वादहाला, त्याच मावश्यांच्या चुलीपुढं. त्यांनी दारातून अर्धं नाटक बघितलं होतं. मोठीचं म्हणणं, म्हातारीनं पिशवी दुरडीत घातली ते बरोबरच केलं, पण पाकिटं मोजून घालायला पाहिजे होती. काकूंनी ते मनावर घेतलंय.

अकराला निघालो. दिल्ली दरवाजा मोकळा. गेवराई ओलांडून गढीच्या फाट्याला चहा. खरी भीती पुढं, उसाच्या गाड्यांची. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना चमकती पट्टी, रस्त्याच्या मधोमध. ड्रायव्हर काका पन्नासच्या पुढं गेलेच नाहीत. मामा त्यांच्याशी बोलत राहिला. बीडपर्यंत मामाच्या सोयरिकी संपल्या, मग काकांच्या सुरू झाल्या. बाकी सगळे घोंगड्यांत. केजच्या अलीकडं एका टायरची हवा कमी वाटली म्हणून थांबलो. हवा ठीक होती, थंडीच जास्त होती.

साडेपाचला अंबाजोगाई. सर घरी जाऊन अंघोळ करून शाळेत. डोळ्यातलं काजळ तसंच. पोरांनी विचारलं, “सर, डोळे आलेत का?”

३० जानेवारी

हिशेब. मानधनातून गाडी, डिझेल, टोल, सेल, चहा वजा जाता प्रत्येकाला जे उरलं ते स्पर्धेच्या प्रयोगापेक्षा बरं. स्पर्धेत खिशातून जातात. वाढप्याला इतरांइतकंच द्यायचं ठरलं. त्याची वाक्यं दोन, पण तो दोन तास उभा होता आणि पाहुण्यांनी दिलेली टीप त्यानं इमानदारीत खऱ्या वाढप्यांना देऊन टाकली.

सुधारणा लिहून ठेवतोय. भाकरीचा पहिला घाणा हुरड्याच्या वेळीच सुरू करायचा, थप्पी कापडात गुंडाळून. उखाण्यांची जागा कायम, तिला वेळ सोडायचा. सामानात टॉवेल-टोपी पाच जोड. गोल टेबलं असतील तर आधी नकाशा मागवायचा. जावयाला चार वाक्यं परत.

रिसॉर्टवाल्यांना मार्चमध्ये परत पाहिजे. मार्चमध्ये हुरडा नाही. आचारी म्हणाले, कैरीचं पन्हं आणि धपाटे. धपाटे हातानं तोडायचे, आवाज नाही, खाली बघावं लागत नाही. चालेल.

लातूरहूनही एक फोन आला, मोठ्या हॉटेलचा. त्यांना बुफेच करायचाय. त्यांना कळवलं: पंगत असेल तर लग्न घेऊन येऊ. बुफेच असेल तर आमच्याकडं दोन पात्रांचं एक आहे, तासाभराचं. जेवणं आटोपल्यावर करू.